टेक्सासची थंडी: लाईट गेली तर पूलचा पंप, फिल्टर, हीटर कसे वाचवायचे?

प्लेनोकर
डॅलसजवळ घर आहे. मागे साधारण 16,000 गॅलनचा पूल, त्याला जोडून स्पा. व्हेरिएबल स्पीड पंप, कार्ट्रिज फिल्टर, गॅस हीटर, मिठाचा क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारा) आणि क्लीनरचा वेगळा बूस्टर पंप. ऑटोमेशनमध्ये फ्रीझ प्रोटेक्शन, म्हणजे थंडीत पंप आपोआप सुरू करायची सोय, आहे. डिसेंबरअखेर तीन आठवडे पुण्याला जाणार आहोत. फ्रीझ प्रोटेक्शनच्या भरवशावर निघावं का? लाईट गेली तर शेजाऱ्यांना नेमकं काय करायला सांगून ठेवू? आणि पाण्यात मीठ आहे, म्हणजे गोठायला वेळ लागेल ना?

ऑस्टिनकर
मिठाचं आधी सांगतो, कारण हा समज फार पसरलाय. पूलमध्ये 3,200 पीपीएम मीठ म्हणजे लिटरमागे जेमतेम सव्वातीन ग्रॅम. त्याने गोठणबिंदू सुमारे 0.2 अंश सेल्सियसने खाली येतो. समुद्राच्या पाण्यात याच्या दहापटीहून जास्त मीठ असतं. त्यामुळे मीठ विसरा.

फ्रीझ प्रोटेक्शन लाईट असेपर्यंत उत्तम. हवेचं तापमान 36-38 फॅरनहाइटच्या आसपास आलं की सेन्सर पंप सुरू करतो आणि पूलच्या पाण्यातली ऊब पाइपांतून खेळती राहते. पण फक्त ज्या वाटेने पाणी वाहतं तीच वाट वाचते. मुख्य पंप छान घरघरत असतो आणि बाजूला बूस्टर पंप फुटलेला असतो, कारण फ्रीझच्या यादीत तो टाकलेलाच नसतो. स्पाचंही तसंच. व्हॉल्व्ह पूलवर अडकून राहिला तर स्पाच्या पाइपात पाणी निपचित पडून राहतं. ऑटोमेशनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक सर्किटपुढे फ्रीझ चालू आहे का, ते एकेक करून बघा.

चाचणी आत्ताच करा. तुमच्या यंत्रणेत मर्यादा बदलता येत असेल तर ती आजच्या तापमानापेक्षा वर न्या आणि उभं राहून बघा: दोन्ही पंप लागले का, स्पाच्या जेटमधून पाणी येतंय का. पंपाचा वेग फार कमी ठेवला असेल तर उंचावरच्या स्पापर्यंत पाणी पोचत नाही. सेन्सर उन्हात किंवा हीटरच्या धुराड्याजवळ असेल तर तो खोटं तापमान दाखवतो. निघण्यापूर्वी स्किमरची (पाण्यावरची पानं ओढून घेणारा काठावरचा खण) आणि पंपाची जाळी साफ करा. पानं अडकून प्रवाह थांबला तर सगळं मुसळ केरात.

केटीकर
ऑस्टिनकरांशी सहमत. पण खरा प्रश्न लाईट गेल्यावरचा आहे. 15 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे वीजकपात सुरू झाली, दुसऱ्या दिवशी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे 2 फॅरनहाइटची नोंद झाली, आणि कपात ‘आळीपाळीने’ म्हणत म्हणत अनेक घरांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. म्हणून बाहेर गोठणबिंदूखाली असेल आणि लाईट गेली, तर ‘येईल अर्ध्या तासात’ म्हणत थांबायचं नाही. लगेच उपकरणांतलं पाणी काढायचं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, ते कोंडलेलं असेल तर पंपाचं भांडं, फिल्टरची टाकी, हीटरच्या तांब्याच्या नळ्या, काहीही तडकतं.

पहिलं काम: पूलचे सगळे ब्रेकर बंद. हे चुकवू नका. रात्री लाईट परत आली की फ्रीझ प्रोटेक्शन रिकामा पंप कोरडाच पळवतं आणि शाफ्ट सील जळतं. हीटरचा गॅसही बंद करा. मग फिल्टरवरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा, पंपाचं झाकण काढा. वरून हवेला वाट दिल्यावरच खालचे प्लग, म्हणजे पाणी सोडायची बुचं, काढा. नाहीतर करंगळीएवढी धार पडते, थांबते, आणि रिकामं झालं असं वाटतं. आत पाणी अडूनच असतं.

पंपाला बहुधा दोन प्लग असतात, एक जाळीच्या भांड्याखाली, दुसरा इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) घराखाली. दुसरा हमखास राहतो. मग फिल्टरच्या तळाचा, हीटरचे (किती आणि कुठे ते मॅन्युअलमध्ये), बूस्टर पंपाचा. क्लोरिनेटरच्या मीठ-सेलचे दोन्ही युनियन (फिरवून सुटणारे जोड) सोडून सेल घरात न्या. हीटरच्या प्रेशर स्विचची नळी बारीक असते, ती फार लवकर गोठते, तीही मोकळी करा. वळवायचे व्हॉल्व्ह अर्धवट स्थितीत ठेवा. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर त्याच्यामागे पाणी कोंडून राहतं, त्याचं झाकण स्क्रू काढून उघडा. निघालेले प्लग पंपाच्या जाळीतच ठेवायचे, म्हणजे हरवत नाहीत.

एक अट: उपकरणं पूलच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असतील, तर आधी पूलकडून येणारे आणि पूलकडे जाणारे व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. नाहीतर पूलच अंगणात रिकामा होईल.

स्किमरमध्ये थोडी खडी भरलेली, घट्ट बुचाची लिटरभराची प्लास्टिकची बाटली उभी सोडा. बर्फ फुगला की बाटली चेपते, स्किमर वाचतो.

प्लेनोकर
फार उपयोगी. सगळ्यावर जाड कांबळी टाकून भागणार नाही का? आणि शेजारी तेव्हा गावी असले तर?

केटीकर
कांबळं थंडी अडवतं, ऊब तयार करत नाही. काही तास मिळतात, रात्र निघत नाही. चालू हीटरवर किंवा मोटरवर तर मुळीच नको, आगीचा धोका आहे. गोठलेल्या पाइपावर गॅस-टॉर्चची ज्योतही नको.

शेजाऱ्यांची खात्री नसेल तर माझा स्पष्ट सल्ला: विमानात बसण्यापूर्वी उपकरणं स्वतःच रिकामी करा, ब्रेकर बंद ठेवा. पाणी 60 फॅरनहाइटखाली असलं की शेवाळ फार सावकाश वाढतं. आधी क्लोरीन नीट चढवून ठेवलं तर तीन आठवडे निभतात. ऑटोफिलची (पूलमध्ये आपोआप पाणी भरणारी) जमिनीवरची नळीही बंद करून रिकामी करायची.

ऑस्टिनकर
शेजारी असतील तर प्रत्येक प्लगला लाल टेप लावून फोटो पाठवा आणि एकदा त्यांच्या हातून काढून घ्या. वर्षानुवर्षं न हललेला प्लग अंधारात, गार पडलेल्या बोटांनी निघत नाही.

परत आल्यावर आत बर्फ नाही याची खात्री करून मगच जोडा. ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने काही रबरं फुगतात. प्लग हाताने घट्ट पुरे. पंपाचं भांडं पाण्याने भरा, फिल्टरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, फिल्टरपासून लांब उभं राहून ब्रेकर लावा. व्हॉल्व्हमधून सलग पाण्याची धार आली की तो बंद करा, आणि पुढची दहा मिनिटं प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून थेंब शोधा.