मदत हवी आहे: आजीच्या माळेत बुऱ्हाणपूरचा मुघल रुपया निघाला, कडी काढू का?

नमस्कार मंडळी, मी अमळनेर तालुक्यातला, नाणी जमवायला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं तर सांगा. दिवाळीच्या आधी आजी गेली आणि तिची रुपयांची माळ कोणालाच नको होती म्हणून माझ्याकडे आली. काळ्या गोफात ओवलेले नऊ रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळलेली. आठ राणीछाप आहेत. नववा मात्र जाड, घेराने लहान, काठ वेडावाकडा आणि दोन्ही बाजूंनी फारसी अक्षरं.

तीन रात्री मोबाईलवर फोटो मोठा करून बसलो होतो. एका बाजूला 'ज़र्ब' (म्हणजे इथे पाडलं, पुढे टाकसाळीचं नाव येतं) आणि 'बुरहान' एवढं लागलं, पुढचं 'पूर' काठावर कापलं गेलंय. दुसऱ्या बाजूला 'बद्र मुनीर' जुळतंय, म्हणजे औरंगजेबाचा रुपया. त्याच्या चांदीच्या रुपयावर बद्र म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आणि सोन्याच्या मोहरेवर त्याच जागी मिहर म्हणजे सूर्य, हे वाचलं आणि उठून परत कपाट उघडून नाणं बघितलं. बुऱ्हाणपूर आज एमपीत आहे पण अकबराने 1601 ला असीरगड घेतल्यावर जो खानदेश सुभा झाला त्याचं मुख्य शहर तेच होतं ना, म्हणजे आजीच्या गळ्यात आयुष्यभर आपल्याच सुभ्याच्या टाकसाळीचा रुपया होता आणि घरात एकालाही माहीत नव्हतं.

आता अडचण अशी की कडीसकट वजन 11.9 ग्रॅम भरतंय, ते बरोबर आहे का? साल म्हणून दोन उभ्या रेघा आणि दोन ठिपके दिसतात, त्याचं काय करायचं? एक सराफ म्हणे कडी काढून पॉलिश मारून देतो, दुसरा म्हणे मोडीत टाक, आज भाव चांगला आहे. आजी कायम म्हणायची 'हाई पणजीनी माळ शे, मोडू नको', त्यामुळे मोडीचा विषयच नाही. अजून एक, बाजारात एकजण असेच पाच रुपये दाखवत होता, नांगरताना मडक्यात सापडले म्हणतो, घ्यावेत का? मला फक्त बुऱ्हाणपूरचेच रुपये जमवायचेत.

प्रतिसाद १:
दादा, आधी पॉलिश थांबवा. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. तो काळा थर दोन-तीनशे वर्षांत बसलेला असतो आणि एकदा गेला की नाणं कायमचं उघडं पडतं, जाणकार माणूस मग हातात घेऊन लगेच परत देतो. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आत-बाहेर असतो, झिजलेला असेल तर अजून थोडा कमी, त्यामुळे कडी धरून 11.9 पटण्यासारखं आहे.

दोन रेघा दोन ठिपके म्हणजे 1100. फारसी आकड्यात शून्य ठिपक्यासारखं असतं आणि जे आपल्याला शून्य वाटतं तो पाच असतो, सगळे नवीन लोक इथेच फसतात. हिजरी 1100 म्हणजे 1688-89. आता टाकसाळीच्या बाजूला राज्यारोहणाचं वर्ष शोधा, 'जुलूस' शब्दाजवळ असतं. औरंगजेबाची राज्यवर्षं हिजरी 1068 च्या रमजानपासून मोजतात, म्हणून 1100 सोबत 32 किंवा 33 च यायला पाहिजे. नकली पाडणारे एका नाण्याची एक बाजू आणि दुसऱ्याची दुसरी असं जोडतात, तेव्हा हा हिशोब चुकतो.

'पूर' कापलं गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे अर्धा मजकूर बाहेरच राहायचा. औरंगजेबाचा बुऱ्हाणपूर रुपया तसा दुर्मिळ नाही, पण टाकसाळीचं पूर्ण नाव आणि दोन्ही सालं एकाच नाण्यावर आलेला मिळणं खरंच अवघड.

प्रतिसाद २:
भाऊ त्या मडक्याच्या नादी लागू नका. ओतीव नकली असतील तर पैसे गेले, आणि खरंच जमिनीत सापडले असतील तर 1878 च्या निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, तसं न करता विकत घेतलं तर तुम्हीपण अडकाल. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशी नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. रुपया तपासायचा असेल तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारा.

मूळ लेखक:
दोघांचे खूप आभार. आत्ता भिंग लावून बघितलं, 'जुलूस'च्या वर 3 स्पष्ट आहे, त्याच्या शेजारचा आकडा नेमका कडीच्या झाळाखाली गेलाय, थोडी शेपटी तेवढी दिसते. म्हणून तर कडी काढायचा मोह होतोय. पण गॅसची ज्योत लावली तर वरचा काळा थर जाईल ना? ज्यांनी माळेतलं नाणं सोडवलंय त्यांनी प्लीज सांगा, तोपर्यंत हात लावत नाही. पुढच्या आठवड्यात नाशिकला मामाकडे जाणं आहेच, माळ तशीच अख्खी अंजनेरीला घेऊन जातो. त्या पाच रुपयांना नाही म्हणून सांगितलं.