शब्दचर्चा : शिडाच्या शर्यतीला नुसतं ‘नौकानयन’ म्हणावं का? (बोलणारे नागपूरच्या वस्त्यांच्या नावांनी)

महाल : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नेत्रा कुमानन हिच्यावर एक पान करायचं आहे. मसुद्यातलं पहिलं वाक्य असं : ‘नौकानयनात ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला.’ चालेल का? शिवाय रेडियल, मेनशीट आणि टॅक यांना मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठ : ‘नौकानयन’ एकटं ठेवू नका. दत्तू भोकनळ २०१६ साली रिओत उतरला तेव्हाही बातम्यांत हाच शब्द होता, आणि त्याचा खेळ रोइंग. दोन हातांत दोन वल्ही, आणि पाठ जायच्या दिशेला. नेत्राच्या नावेत वल्हं नसतंच. शीड, सुकाणू आणि वारा, एवढ्यावरच सगळं. ‘शिडाच्या नौकांची शर्यत’ लिहा, किंवा सरळ ‘सेलिंग’. खेळाडूला ‘नौकापटू’ चालतं, पण आधी एकदा शिडाचा उल्लेख हवाच.

सक्करदरा : रेडियलचं ‘त्रिज्यीय’ करू नका, वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. लेझर रेडियल हे नौकेच्या प्रकाराचं नाव आहे. शिडाच्या कापडाचे पट्टे कोपऱ्यांपासून पसरत जातील असे कापलेले, त्यावरून ते पडलं. आता याच प्रकाराला ‘इल्का ६’ म्हणतात. नाव एकटीने चालवायची, लांबी सुमारे ४.२ मीटर, शीड ५.७६ चौरस मीटर. ‘इल्का ७’ला हीच नाव असते, फक्त शीड ७.०६ चौरस मीटरचं आणि डोलकाठीचा खालचा तुकडा लांब.

मेनशीटमधल्या ‘शीट’मुळे भलेभले फसतात. ते कापड नव्हे, दोर आहे. शिडाखालच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, तो आत ओढतो किंवा बाहेर सोडतो. ‘शिडाचा दोर’ म्हणा.

धरमपेठ : टॅकला एका शब्दाचा अट्टहास नको, क्रिया सांगा. वारा येतो त्या दिशेला नाव सरळ जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत शीड नुसतं फडफडतं. म्हणून नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, वाऱ्यातून पलीकडे न्यायची. हाच टॅक.

सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला ढकलायचा. नाळ वाऱ्यात शिरते, बूम डोक्यावरून जातो. तेवढ्यात वाकून नावेच्या पलीकडच्या काठावर जायचं, दांडा आणि दोर यांचे हात बदलायचे, आणि पाय नावेतल्या पट्ट्याखाली अडकवून अंग बाहेर झोकायचं. दांडा जोरात ढकलला तर सुकाणूचं पातं ब्रेकसारखं पाण्याला अडतं. फार हळू ढकलला तर नाव मध्येच थांबते आणि मागे सरकू लागते. मग बूम हाताने बाहेर धरून, सुकाणू उलटं फिरवून तिला एका बाजूला वळवावं लागतं. ‘वाऱ्याच्या तोंडावर अडकली’ हे त्याला चपखल मराठी आहे.

महाल : ‘झोकणे’ आवडलं! आणि गुण? ‘सर्वात जास्त गुण मिळवून’ लिहू का?

सक्करदरा : अजिबात नको, उलटं होईल. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, आणि बेरीज कमी तो वर. टोकियोत आधीच्या १० शर्यतींपैकी सर्वात वाईट एक वगळत, आणि पहिल्या दहा जणी शेवटच्या पदक शर्यतीत उतरत. तिथले गुण दुप्पट. नेत्रा ४४ जणींत ३५वी आली आणि पॅरिस २०२४मध्ये २१वी. ही सुधारणा पानावर ठळक हवी. जानेवारी २०२०मधलं मायामीच्या विश्वचषक मालिकेतलं कांस्यही घ्या.

धरमपेठ : ‘पहिली’ला नेहमी विशेषण जोडा. शिडाच्या शर्यतीतली पहिली महिला ऑलिम्पिक विजेती हेलेन द पूर्तालेस, स्वित्झर्लंडची, १९०० साली. ती शर्यत पॅरिसजवळ सीन नदीवर झाली, हे मुलांना जरूर सांगा. अंबाझरी आणि फुटाळा हे आपले तलाव पाहत वाढलेल्या पोरांना या खेळाला समुद्रच लागतो असं वाटत असतं.

महाल : मग वाक्य असं : ‘शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला, पात्रता एप्रिल २०२१, मुसन्ना, ओमान.’

सक्करदरा : हे छापा. खाली नावेचं चित्र काढून नाळ, डोलकाठी, शीड, बूम, दोर आणि सुकाणू अशी नावं द्या.