सदनिका आणि लहान कार्यक्रम, दोन्हीकडे चालेल असा ट्यूब ॲम्प कसा निवडावा?

खर्जातली तार (पुणे):

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर गिटार वाजवत आलो आहे आणि आता पहिला ट्यूब ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणारा ॲम्प, घेण्याचे ठरवले आहे. आमचा चौघांचा बँड ब्लूज आणि सत्तरच्या दशकातील रॉक वाजवतो, महिन्यातून एक-दोन वेळा एखाद्या कॅफेत किंवा लहान सभागृहात आमचा कार्यक्रम होतो, आणि ड्रमसह तालीम दर रविवारी असते. बाकी सगळा रियाज कोथरूडमधील तिसऱ्या मजल्यावरच्या घरी होतो, आणि तिथे भिंतीपलीकडे एक वयस्कर जोडपे राहते. गिटार स्ट्रॅटोकास्टर आहे, तिन्ही पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे.

गेल्या दोन शनिवारी दुकानात जाऊन मी तीन ॲम्प वाजवून पाहिले: एक पाच वॉटचा छोटा ॲम्प, व्हॉक्सचा एसी१५ आणि फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब. पहिल्या शनिवारी एसी१५ ऐकून मी अक्षरशः थक्क झालो होतो. दुसऱ्या शनिवारी तोच ॲम्प, तीच गिटार आणि माझ्या आठवणीप्रमाणे बटणेही त्याच जागी असताना आवाज घुमटा आणि बोजड वाटला. तेव्हापासून माझा स्वतःच्या कानांवरचा विश्वास डळमळला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. घरासाठी पाच वॉट आणि कार्यक्रमासाठी बावीस वॉट, हा हिशोब बरोबर आहे का? एसी१५ मधली ईएल८४ आणि डिलक्स रिव्हर्बमधली ६व्ही६ या पॉवर ट्यूबमधील (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब) फरकाबद्दल जे इतके बोलले जाते, त्यावरून निवड करावी का? आणि दुकानातल्या अर्ध्या तासात नेमके काय ऐकावे, म्हणजे घरी आणल्यावर पश्चात्ताप होणार नाही?

जुना व्हॉल्व्ह (ठाणे):

तुमचे कान शाबूत आहेत. पहिल्या शनिवारी तो ॲम्प टेबलावर किंवा दुसऱ्या एखाद्या पेटीवर ठेवलेला होता आणि दुसऱ्या वेळी जमिनीवर, कदाचित भिंतीच्या कोपऱ्यात, असे झाले होते का, ते आठवून पाहा. जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवलेल्या ॲम्पचा खर्ज फुगतो. त्यातच बारा इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, त्यामुळे उभ्या माणसाच्या कानांपर्यंत ते पोहोचतच नाहीत आणि गुडघ्यांवर आदळतात. ॲम्प खुर्चीवर ठेवून दोन-तीन मीटर मागे उभे राहा, की तोच ॲम्प पुन्हा ओळखीचा वाटेल.

आता वॉटबद्दल. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटायला वॉट दहापट व्हावे लागतात. म्हणजे पंधरा आणि बावीस वॉटमध्ये दोन डेसिबलचाही फरक नाही. त्याहून मोठा फरक स्पीकर पाडतो. एका वॉटला एक मीटर अंतरावर एखादा स्पीकर ९७ डेसिबल देतो, तर दुसरा १००. त्यामुळे १०० डेसिबलच्या स्पीकरवरचा पंधरा वॉटचा ॲम्प हा ९७ डेसिबलच्या स्पीकरवरच्या तीस वॉटच्या ॲम्पइतकाच मोठा वाजतो. हाच हिशोब घराला लावून पाहा: चांगल्या स्पीकरला नुसता एक वॉट मिळाला तरी खोलीत १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो, आणि तुमच्या शेजाऱ्यांना पाच वॉट काय आणि बावीस वॉट काय, दोन्ही सारखेच असह्य होतील. पाच वॉटचा ॲम्प घेतल्याने सदनिकेचा प्रश्न सुटत नाही, उलट ड्रमसमोर त्या ॲम्पचा स्वच्छ आवाज पुरत नाही. म्हणून तो यादीतून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्यूबच्या नावावरून निवड करू नये. मी तरुणपणी व्हॉल्व्हचे, म्हणजेच ट्यूबचे, रेडिओ दुरुस्त करत असे. तेव्हा हाच ईएल८४ बैठकीच्या खोलीतल्या रेडिओमध्ये बसलेला असायचा आणि त्यातून अगदी मऊ, गोल आवाज यायचा. डिक डेनी यांनी १९५८ साली इंग्लंडमधील डार्टफर्डच्या जेनिंग्ज यांच्या, म्हणजे व्हॉक्स बनवणाऱ्या, कंपनीसाठी तयार केलेल्या एसी१५ मध्ये तोच व्हॉल्व्ह घंटेसारखा खणखणतो. हा फरक सर्किटचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) आणि स्पीकरचा आहे. फेंडरच्या सर्किटमध्ये टोनची बटणे मधल्या सुरांना मुळातच खाली दाबतात, आणि डिलक्स रिव्हर्बला तर मधल्या सुरांचे वेगळे बटणसुद्धा नाही. शिवाय त्याच्या पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलट करून परत आत सोडणे) असल्यामुळे आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग थोड्याशा अंतरात तुटतो. व्हॉक्सच्या या घराण्यात तो फीडबॅक नसल्याने स्वच्छतेकडून खरखरीकडे जाणारा उतार लांब आणि हळुवार असतो. तुम्हाला बोटांच्या जोरावर आवाज बदलायला आवडत असेल, तर हा उतार तुमच्या हाताला मानवतो की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

दुकानात हे असे ऐकावे. स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी, पेडल अजिबात नेऊ नये. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे बटण) शून्यावर आणि टोनची बटणे मध्यावर ठेवावीत. एसी१५ चे टोन कट हे बटण उलटे चालते, ते पुढे फिरवले की वरचे सूर कमी होतात, हे ध्यानात असू द्यावे. दोन्ही ॲम्पचा आवाज मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने सारखा करून घ्यावा. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण किंचित मोठा वाजणारा ॲम्प आपल्याला नेहमी अधिक चांगला वाटतो आणि निम्म्या चुकीच्या खरेद्या याच एका कारणाने होतात. त्यानंतर व्हॉल्यूम हळूहळू वाढवत अशी जागा शोधावी, की जिथे हलक्या आघाताला तार स्वच्छ बोलते आणि जोराच्या आघाताला किंचित फाटते. ही जागा सापडली की ॲम्पला हात लावू नये. गिटारचे व्हॉल्यूम दहावरून पाचावर आणावे आणि आवाज नुसता लहान होतो की स्वच्छही होतो, ते ऐकावे. सहाही तारांचा भरगच्च कॉर्ड वाजवून त्यातले सूर वेगळे ऐकू येतात का, ते पाहावे. शेवटी जाड ई तार एकदाच छेडून ती पूर्ण विझेपर्यंत थांबावे. सूर विरताना त्याच्या शेपटाला कागद फाटल्यासारखी कुरकुर लागली, तर ती घरच्या शांततेत रोज ऐकू येईल.

जुना ॲम्प पाहत असाल तर आणखी एक चाचणी करा. ॲम्प चालू असताना मागच्या बाजूने लाकडी पेन्सिलीच्या टोकाने प्रत्येक लहान ट्यूबवर (पॉवर ट्यूबच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्प ट्यूबवर) अलगद टिचकी मारा. मंद टकटक ऐकू आली तर चिंता नाही, पण घंटानाद घुमत राहिला किंवा शीळ सुरू झाली, तर ती ट्यूब बदलावी लागेल. पेन्सिलीखेरीज आत काहीही घालू नये. आतमध्ये तीनशे-चारशे व्होल्टच्या पुढचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

मांडवीकाठ (पणजी):

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र मी गेली पंधरा वर्षे लग्नसमारंभात आणि किनाऱ्यावरच्या लहान कार्यक्रमांत वाजवत असल्यामुळे चार गोष्टी वेगळ्या बाजूने सांगतो.

कॅफेत ॲम्पसमोर माइक लावला जातो. त्यामुळे श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवण्याची जबाबदारी ॲम्पवर राहत नाही. तुम्हाला आणि ड्रमवाल्याला ऐकू आले, की काम झाले. त्या दृष्टीने पंधरा वॉट पुरतात. मात्र तुमच्या संगीतात अगदी स्वच्छ, खणखणीत तालाचे वादन अधिक असेल, तर ड्रमच्या बरोबरीने एसी१५ लवकर फाटू लागतो आणि तिथे डिलक्स रिव्हर्ब उजवा ठरतो. याउलट डिलक्स रिव्हर्बला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आधीच्या ट्यूब फाटलेल्या ठेवून एकूण आवाज कमी करणारे वेगळे बटण, नाही. त्याचा तो सुंदर तुटणारा आवाज मला व्हॉल्यूम साधारण पाचच्या पुढे नेल्यावर मिळतो, आणि त्या आवाजात लहान कॅफेतला वेटरसुद्धा तुमच्याकडे वळून पाहतो. एसी१५ ला मास्टर आहे. घरी त्याचा उपयोग होतो, पण तेव्हा ऐकू येते ती बरीचशी लहान ट्यूबची खरखर असते. पॉवर ट्यूब आणि स्पीकर मिळून जो दाब देतात, तो तिच्यात नसतो.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज कधी २०० च्या खाली जाते, तर कधी २५० ला टेकते. ट्यूबच्या ॲम्पमध्ये भिंतीतला दाब वाढला की आतले सगळे दाब त्याच प्रमाणात वाढतात आणि ट्यूबचे आयुष्य घटते, म्हणून मी चांगला स्टॅबिलायझर बरोबर नेतो. ॲम्प घेण्यापूर्वी घरातले अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्यावे. एका सभागृहात तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नव्हती. माइकला ओठ लागताच मला जो झटका बसला, तो आजही आठवतो. त्या दिवसापासून खिशात टेस्टर असल्याशिवाय मी प्लग लावत नाही.

तुमच्या पिकअपसाठी एक लहानसे निरीक्षण सांगतो. सिंगल कॉइलमधून येणारा गुणगुणाट पुष्कळदा ॲम्पचा नसतो, तो पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. दुकानात असा आवाज आला तर पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करायला सांगा आणि मगच ॲम्पला दोष द्या.

तीन नंबरचा कॉर्ड (कोल्हापूर):

अमेरिकेतून नातेवाइकाकरवी स्वस्तात ॲम्प मागवण्याचा विचार मनात असेल, तर माझा अनुभव ऐकावा. मी तसा एक वापरलेला ॲम्प आणवला होता. तो १२० व्होल्टचा होता, त्यामुळे वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो, हे मला नंतर कळले. सात महिन्यांत तो जळाला. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ हे आकडे मागच्या पट्टीवर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खर्जातली तार (पुणे):

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदारांना विचारले, तर खरोखरच पहिल्या शनिवारी एसी१५ एका मोठ्या पेटीवर ठेवलेला होता आणि दुसऱ्या शनिवारी खाली, कोपऱ्यात. काल तिसऱ्यांदा गेलो, दोन्ही ॲम्प खुर्च्यांवर ठेवले आणि आवाज सारखा करून चाळीस मिनिटे वाजवले. गिटारचे व्हॉल्यूम पाचावर आणले तेव्हा दोन्ही स्वच्छ झाले. पण एसी१५ मध्ये सातवर एक, सहावर दुसरा, पाचवर तिसरा असे वेगवेगळे आवाज मिळत गेले, तर डिलक्स रिव्हर्बमध्ये मला मुख्यतः दोनच जागा सापडल्या. त्याचा रिव्हर्ब मात्र फारच देखणा आहे आणि तो सोडताना जीव थोडा खालीवर झाला. मी एसी१५ कडे झुकलो आहे. घरी रात्री वाजवण्यासाठी ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर (ॲम्पची ताकद शोषून आवाज कमी करणारी पेटी) लावला तर चालेल का, एवढी एकच शंका उरली आहे.

जुना व्हॉल्व्ह (ठाणे):

चालेल. मात्र अटेन्युएटरचा ओहम (विद्युत रोधाचा आकडा) ॲम्पच्या आउटपुटशी जुळला पाहिजे आणि तो किमान तीस वॉट सहज पेलणारा असावा, कारण पंधरा वॉटचा ॲम्प पूर्ण फाटल्यावर पंधराहून बरेच अधिक वॉट बाहेर टाकतो. स्पीकरची तार काढायची असेल तर ॲम्प आधी बंद करावा. जोडणीत काहीही नसताना ट्यूब ॲम्प क्षणभरही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच क्षणी जाऊ शकतो, आणि तो बदलणे महाग पडते. आवाज फार खाली दाबलात तर आवाज मंद वाटेल, कारण कमी आवाजात आपला कान खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकतो. तेव्हा टोन कट थोडे मागे घ्यावे आणि बास किंचित वाढवावा.

एसी१५ च्या पॉवर ट्यूबचा बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह ठरवणारी जुळणी) आपोआप बसतो, त्यामुळे त्या बदलताना बायस जुळवून घ्यावा लागत नाही. पण त्या तापतात फार. म्हणून पेटीच्या मागे एक वीत तरी जागा मोकळी ठेवा आणि कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटे थांबून मगच तो गाडीत चढवा.

खर्जातली तार (पुणे):

समजले. वायरमनला उद्या सकाळी दहाला बोलावले आहे. त्याने अर्थिंग पाहिल्यावरच दुकानात आगाऊ रक्कम भरेन.