महापौर निवडताना मुंबईच्या वाहतुकीचा जाब कोणाला विचारायचा?

घाटकोपरकर (प्रश्न)

नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले. शहरातील बस वेगवान आणि मोफत करू, हे त्यांच्या प्रचारातील सर्वांत ठळक आश्वासनांपैकी एक होते. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी आपल्या महापालिकेसाठी मतदान झाले, तेही मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्यानंतर. आपल्याकडच्या प्रचारातही सागरी किनारा मार्ग, मेट्रो आणि अटल सेतू यांच्या श्रेयावरून भरपूर भाषणे झाली आणि शहरातील बससेवा चालवणाऱ्या बेस्टच्या भाड्यात सवलतीची आश्वासनेही मिळाली. मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की, यांपैकी नेमके काय मुंबईच्या महापौरांच्या किंवा नगरसेवकांच्या अखत्यारीत येते? वाहतुकीच्या मुद्द्यावर पालिका निवडणुकीत मत देण्याला खरोखर अर्थ आहे का?

परळचा रहिवासी

मुंबईचा महापौर थेट मतदारांनी निवडलेला नसतो. २२७ प्रभागांतून आलेले नगरसेवक त्याची अडीच वर्षांसाठी निवड करतात आणि हे पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील, ते सोडतीने ठरते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. लोकल गाड्या रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. मेट्रो २अ, मेट्रो ७ आणि अटल सेतू ही एमएमआरडीएची, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, कामे आहेत, तर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ वेगळ्या कंपनीकडे आहे. त्यामुळे पालिकेच्या प्रचारसभेत मेट्रोचे श्रेय घेणारा किंवा तिच्या दिरंगाईचा दोष देणारा उमेदवार ज्या कामाबद्दल बोलतो, त्यावर सभागृहात त्याला मतही देता येत नाही.

बसचा प्रवासी

वरील माहिती बरोबर आहे, परंतु त्यावरून पालिकेच्या हाती काहीच नाही असा समज होऊ नये. बेस्ट पालिकेचीच आहे आणि १९४७ पासून आहे. रस्ते, पदपथ आणि बहुतेक उड्डाणपूल पालिकेचे आहेत. सागरी किनारा मार्गही पालिकेनेच बांधला. सुमारे साडेदहा किलोमीटरच्या त्या मार्गावर जवळपास १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. मूळ आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका होती, पण आज तो मुख्यतः खासगी मोटारींचा रस्ता आहे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०२५-२६ साठी पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता आणि त्यात बेस्टसाठी १ हजार कोटींची तरतूद होती. शहराला पैसे कमी पडले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पैसे कोणासाठी खर्च करायचे, हा निर्णय झाला, आणि मला तो अन्यायकारक वाटतो.

बसथांब्यावर ताटकळणाऱ्यांना त्याचा परिणाम रोज दिसतो. बेस्टने २०१९ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्या कायम राखण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या आणि त्यांची जागा भाडेतत्त्वावरील गाड्यांनी घेतली. या पद्धतीत बस आणि चालक कंत्राटदाराचे असतात आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देते. पैसे वेळेवर गेले नाहीत किंवा कंत्राटदाराला धंदा परवडेनासा झाला, तर डेपोतून गाड्याच बाहेर पडत नाहीत. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तेव्हा सभागृह अस्तित्वात नव्हते. त्या वाढीवर उघड मतदान करून आपल्या प्रभागाला उत्तर देणारा एकही नगरसेवक नव्हता.

मुलुंडवासी

मला यात एक भर घालावीशी वाटते. न्यूयॉर्कची बस चालवणारी संस्थाही राज्याच्या ताब्यात आहे, महापौरांच्या नाही, आणि तिथे भाडे माफ करायचे तर राज्याचे पाठबळ लागेलच. तरीही तो प्रचार बसभोवती फिरला, कारण रस्ते शहराचे आहेत आणि बससाठी वेगळी मार्गिका आखणे महापौरांच्या प्रशासनाला शक्य आहे. शिवाय एखाद्या मागणीला मतांचे बळ मिळाले की वरच्या सरकारला ती सहज डावलता येत नाही. आमच्या भागात गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याबद्दल सर्व पक्ष बोलतात आणि तो हवाच आहे. मात्र त्यावरून बस किती अंतराने धावतील, हे मी अद्याप एकाही उमेदवाराकडून ऐकलेले नाही.

घाटकोपरकर

आपणा सर्वांचे आभार. मग निवडून आलेल्या नगरसेवकाकडे नेमके काय मागावे?

बसचा प्रवासी

बेस्ट समितीत आणि पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत त्यांच्या पक्षाचे कोण आहेत, ते आधी विचारा. पुढील अर्थसंकल्पात बेस्टची तूट पालिकेने उचलावी या प्रस्तावाला ते पाठिंबा देतील का, स्वमालकीच्या गाड्या विकत घेण्यासाठी किती रक्कम मागतील आणि आपल्या प्रभागातील बंद झालेला किंवा विरळ झालेला कोणता बसमार्ग पूर्ववत करून घेतील, याची उत्तरे लेखी घ्या. मार्ग क्रमांकासह मागणी केली, तर तिचा पाठपुरावा करणे सोपे जाते.