व्हॉल्व्हचा जुना टीव्ही: पहिल्यांदा प्लग लावण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. एका परिचितांच्या माळ्यावर अनेक वर्षे पडून असलेला, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा कृष्णधवल टीव्ही नुकताच माझ्याकडे आला आहे. मागचे झाकण काढून पाहिले, तेव्हा धुळीच्या जाड थराखाली पीएल ३६, पीवाय ८१, पीसीएल ८२ असे छापलेले व्हॉल्व्ह आणि टोकांशी मेण ओघळलेले बरेच कागदी कपॅसिटर दिसले. मला डाख देता येतो, मल्टिमीटर वापरता येतो आणि एक-दोन ट्रान्झिस्टर रेडिओ मी दुरुस्त केले आहेत. टीव्हीला मात्र आजवर कधी हात लावलेला नाही. एक मित्र म्हणतो की एकदा प्लग लावून पाहावा, म्हणजे काय बिघडले आहे ते निदान कळेल. मला हे धाडसाचे वाटते, पण सुरुवात नेमकी कुठून करावी हे ठाऊक नाही. सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाकावेत का?

प्रतिसाद १

प्लग लावू नका. माझ्या हाती आलेले बहुतेक जळके ट्रान्सफॉर्मर याच उत्सुकतेचे बळी होते.

आपण लिहिलेल्या नावांतील पहिले अक्षर ‘पी’ आहे, त्याचा अर्थ असा की या व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) ३०० मिलिअँपिअरचे असून ते सगळे एका माळेत, एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. अशा संचात बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि वीजपुरवठ्याची एक तार थेट चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या चौकटीला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला, तर संपूर्ण धातूची चौकट जिवंत होते. म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला घरच्या विजेपासून विलग ठेवणारा) ही पहिली खरेदी समजा, आणि तो सढळ क्षमतेचा, शक्यतो ५०० व्हीएचा घ्या, कारण हे संच अर्धतरंगी रेक्टिफायरमधून वीज ओढतात आणि त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मर लवकर तापतो. हा ट्रान्सफॉर्मर लावल्यावरही संचातील दोन बिंदूंना एकाच वेळी स्पर्श झाला, तर झटका बसतोच. संच चालू असताना एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय म्हणूनच अंगी बाणवून घ्यावी.

पिक्चर ट्यूबविषयी स्वतंत्रपणे सांगतो. तिच्या आतला आणि बाहेरचा ग्रॅफाइटचा लेप व मधली काच मिळून एक मोठा कपॅसिटरच तयार होतो आणि संच चालू असताना त्यावर सुमारे १५ हजार व्होल्ट असतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या ट्यूबमध्ये भार उरण्याची शक्यता कमी असली, तरी तो उतरवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. उत्तम इन्सुलेशन असलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला तार बांधून तिचे दुसरे टोक आधी बाहेरच्या लेपाच्या अर्थपट्टीला जोडावे आणि मगच त्याचे पाते ट्यूबच्या बाजूच्या रबरी टोपीखाली सरकवावे. काही मिनिटांनी हीच कृती पुन्हा करावी, कारण काचेत मुरलेला भार थोड्या वेळाने परत वर येतो. ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये. मान हा तिचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि आत निर्वात पोकळी असल्याने तडा गेला, तर काचा आत कोसळून मग चौफेर उडतात. ट्यूब बाहेर काढायची असेल, तर डोळ्यांवर गॉगल हवाच.

धूळ मऊ ब्रशने झाडा. व्हॉल्व्हवरील अक्षरे मात्र पुसू नका. ती बोटानेसुद्धा जातात.

प्रतिसाद २

वरील सूचनांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त कपॅसिटरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नवशिक्यांची खरी फसगत तिथेच होते.

मेणाचे कागदी कपॅसिटर बदलावेच लागतात, त्यांची परीक्षा घेत बसू नये. कागदात ओलावा शिरला की त्यांतून डीसी गळू लागतो. पीसीएल ८२ च्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हमधील प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीकडे) जाणारा कपॅसिटर असा गळका असेल, तर ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट प्रवाह ओढतो आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. त्यांच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कपॅसिटर चालतात, पण बूस्ट दाबाच्या (संचातच तयार होणाऱ्या वाढीव दाबाच्या) जागी १००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक क्षमतेचे आणि थेट मेन्सवर असलेल्या जागी एक्स वर्गाचेच (मेन्सवर वापरण्यासाठी बनवलेले) कपॅसिटर बसवावेत. सिरॅमिक आणि मायका कपॅसिटर बहुधा शाबूत असतात. त्यांना हात लावू नका. जुन्या कार्बन रेझिस्टरांचे मूल्य वाढलेले असते, तेही जाता जाता मोजून घ्यावे.

‘एकदम’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. माझ्या पहिल्या संचात मी एका रात्रीत तीसेक कपॅसिटर बदलले, त्यांतला एक शेजारच्या टोकाला जोडला, आणि जो दोष मुळात नव्हता तो शोधण्यात पुढचे दोन आठवडे घालवले. तेव्हापासून मी आधी छायाचित्र काढतो, एक काढतो, एक बसवतो आणि नकाशावर खूण करतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे आयएफ (मध्यवर्ती वारंवारतेच्या) कॉइलमधील गाभे फिरवू नका. ते सैल दिसतात, मोह होतो, आणि एकदा फिरवले की सिग्नल जनरेटरशिवाय पूर्वस्थितीवर आणणे जवळजवळ अशक्य असते. ठिसूळ झालेले असल्याने ते तुटतातही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वीज न देता मल्टिमीटरने हीटरची माळ तपासली असता ती तुटलेली आढळली. एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिल्यावर पीवाय ८१ चा हीटर गेल्याचे कळले. म्हणजे मित्राचे ऐकून प्लग लावला असता, तर एकही व्हॉल्व्ह पेटला नसता. नवा व्हॉल्व्ह मिळाला आणि कपॅसिटर बदलून झाले, की पुढे काय? आणि चित्र पाहण्यासाठी सिग्नल कुठून आणावा?

प्रतिसाद ३

पहिल्यांदा वीज देताना संचाच्या मालिकेत १५० ते २०० वॅटचा तंतूचा बल्ब ठेवावा. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही. बल्ब पूर्ण तेजाने जळत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. त्याआधी एचटीची (उच्च दाबाच्या पुरवठ्याची) तार आणि चासी यांच्यातील रोध मोजलेला असावा. तो काही शे ओहम इतकाच भरला, तर वीज देण्याचा प्रश्नच येत नाही.

सगळे ठीक वाटले आणि बल्ब काढून पूर्ण दाब दिला, की नजर पीएल ३६ वर असू द्या. या व्हॉल्व्हचा ऋण बायस (ग्रिडवरचा ऋण दाब) लाइन ऑसिलेटरच्या, म्हणजे आडव्या रेषा आखणाऱ्या विभागाच्या, लहरींतूनच तयार होतो. ऑसिलेटर बंद असेल, तर व्हॉल्व्हला लगाम राहत नाही आणि त्याचा अॅनोड लाल होऊ लागतो. लाली दिसताच, अक्षरशः काही सेकंदांत, बंद करावे. उलट कानाला बारीक शीळ ऐकू आली, तर लाइन विभाग जिवंत आहे. ६२५ रेषांच्या संचात ती १५,६२५ हर्ट्झची असते आणि वाढत्या वयात अनेकांना ऐकूच येत नाही. पडद्यावर फक्त एक आडवी तेजस्वी रेघ आली, तर फ्रेम विभागात (चित्र उभे पसरवणाऱ्या भागात) दोष आहे. तेव्हा ब्राइटनेस ताबडतोब कमी करावा, अन्यथा फॉस्फरवर कायमची खूण उमटते.

सिग्नलसाठी आरएफ मॉड्युलेटर (चित्राचा सिग्नल टीव्हीच्या वाहिनीवर चढवणारे उपकरण) लागेल. आपला संच किती रेषांचा आहे आणि केवळ व्हीएचएफ घेतो की यूएचएफही (हे टीव्हीचे दोन वारंवारता-पट्टे), हे आधी पाहून घ्यावे, कारण पुष्कळ मॉड्युलेटर फक्त यूएचएफवर चालतात. ४०५ रेषांचा संच निघाला, तर मॉड्युलेटर पुरणार नाही, मानक बदलणारा कन्व्हर्टर लागेल.

मॉड्युलेटर जोडण्यापूर्वी अँटेनाच्या सॉकेटमागचे कपॅसिटर तपासायला विसरू नका. जिवंत चासी आणि अँटेना यांच्यामध्ये तेवढीच भिंत असते, आणि ती गळकी असेल, तर मेन्सचा दाब आपल्या मॉड्युलेटरपर्यंत आणि त्याच्या धातूच्या खोक्याला लागलेल्या हातापर्यंत पोहोचतो. तिथे वाय वर्गाचे (जिवंत भाग आणि हात लागणारा भाग यांच्यामध्ये वापरायचे) नवे कपॅसिटर बसवावेत. हे काम मी स्वतः इतर कुठल्याही कपॅसिटरच्या आधी करतो.