दहा मिनिटांत उभी राहणारी चाळीची खोली: एकांकिकेच्या नेपथ्याबद्दल मदत हवी

बॅकस्टेज_नवखा: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली एकांकिका आहे. चाळीतली खोली: दार, खिडकी, मोरी. सेट लावायला 10 मिनिटं, काढायला 5. स्टेजचं ओपनिंग (प्रेक्षकांना दिसणारी रुंदी) 30 फूट. दिग्दर्शकाला 8 बाय 4 फुटांचे सहा फ्लॅट (लाकडी चौकटीवर कापड लावलेल्या सुट्या भिंती) हवेत, मागच्या भिंतीत मधोमध दार. दार आपटलं की भिंत हलेल का? शिवाय आधी सरांना मॉडेल दाखवायचंय, ते कशाचं करू?

रीप_आणि_खिळे: दार फ्लॅटच्या रिपेलाच अडकवलंत तर हलणारच. 3 बाय 2 इंची लाकडाची वेगळी चौकट करा, खाली उंबऱ्याऐवजी लोखंडी पट्टी. तिला मागून दोन्हीकडे तिरके टेकू, पायाशी वाळूची पोती.

पण दार मधोमध कशाला? बाजूच्या भिंतीत घ्या, बाहेर उघडणारं, बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला. म्हणजे उघड्या फळीआड विंगेतली (स्टेजच्या बाजूच्या आडोशातली) गर्दी झाकली जाते.

सहा फ्लॅटही नकोत, चार पुरे. दोन-दोन फ्लॅट बिजागरीने पुस्तकासारखे जोडा. काटकोनात उघडले की विनाटेकू उभे राहतात, दाराची जोडी सोडून. सांध्यातून मागचा लाइट फुटतो, तिथे मांजरपाटाची पट्टी चिकटवून वरून रंग. फ्लॅटवर कापड लावताना मात्र फार ताणू नका. सरस-रंग वाळताना ते आखडतं आणि चौकट पिळवटते.

मोरीला भिंत नको. 9 इंची कठडा, बादली, तांब्या. बास.

अर्धा_इंच_एक_फूट: मॉडेल 1:24 मध्ये करा, अर्धा इंच म्हणजे एक फूट. 30 फूट ओपनिंग 15 इंचात बसतं, फ्लॅट 4 बाय 2 इंच. बहुतेक जण 5 मिलिमीटर सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या शीटच्या) भिंती करतात. या मापात त्या जवळजवळ 5 इंच जाड होतात, फ्लॅट किल्ल्याच्या तटासारखे दिसतात. सनबोर्ड फक्त तळाला, भिंतींना माउंटबोर्ड, म्हणजे पातळ कडक पुठ्ठा. पावणेतीन इंचाचा एक पुठ्ठ्याचा माणूस हवाच, त्याशिवाय दाराची उंची कुणालाच कळत नाही. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून दोरा ताणून बघा. दोरा जिथे अडतो त्याच्या मागे ठेवलेली वस्तू त्या प्रेक्षकाला दिसत नाही.

बॅकस्टेज_नवखा: भारी! भिंत विटकरी ऑइलपेंटने रंगवायची होती. शेवटी निळा लाइट आहे.

रीप_आणि_खिळे: निळ्यात विटकरी काळपट होईल. ऑइलपेंट चमकतो, डिस्टेंपर घ्या. आधी दोन फुटी तुकडा रंगवून निळ्या जिलेटिनखाली (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाखाली) बघा. वरचा दीड फूट थोडा गडद ठेवा, नजर चेहऱ्यांवर राहते.

आणि फ्लॅटच्या मागे मोठे आकडे टाका: 1 डावा, 2 डावा. तालमीच्या हॉलमध्ये सेंटर लाइनपासून मोजून टेपने खुणा करा, त्यांवर घड्याळ लावून सेट लावा. आठ मिनिटांच्या आत येईपर्यंत खिडकीचा पडदा, कॅलेंडर, देव्हारा यांना हात लावू नका.