चाणक्य, चाणक्य काय लावलंय?

तिरकस_तात्या
काल इथे एकाने लिहिलं, 'सत्तेवाल्यांचं पुढच्या वीस वर्षांचं ठरलंय, मत देऊन उपयोग काय?' दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा डोकं फिरलं. अहो, २३ नोव्हेंबर २०१९ विसरलात? पहाटे राष्ट्रपती राजवट उठवली, सकाळी फडणवीस-अजितदादांनी शपथ उरकली आणि ८० तासांत गाशा गुंडाळला. हेही ठरलेलं का? इंदिराबाईंनी सेन्सॉर लावून पेपर गप्प केले, होयबांनी आलबेल सांगितलं, आणि ७७ ला स्वतःची रायबरेलीसुद्धा गेली. मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. साहेबांकडे चहा न्यायला चौघे धावायचे, वाईट बातमी न्यायला कोणी नाही. बाहेरून जी अभेद्य भिंत दिसते ना, तिच्याआड 'हे तुला कोणी सांगितलं होतं?' एवढंच चाललेलं असतं.

घाटावरचा
२०१९ वर बरे थांबलात! जून २०२२ चं काय? शिंदेंचे आमदार सुरत, गुवाहाटीला, उद्धव ठाकरेंचं सरकार गेलं, मग पक्ष आणि चिन्हही गेलं. फसतात ते, पण बिल आपल्या नावावर फाडतात.

तिरकस_तात्या
आणि एवढं करून २०२४ च्या लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७!

निफाडचा_गडी
१७ का झाल्या ते आम्हाला विचारा. डिसेंबर २३ मध्ये रातोरात कांद्याची निर्यातबंदी. माझा ट्रॅक्टर भरलेला, लिलाव बंद. लाल कांदा, चाळीत टिकतो थोडाच! आदल्या दिवशी भाऊबंदाचा क्विंटलला साडेतीन हजाराने गेला, माझा नंतर सोळाशेने. वर एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्याला तेवढी परवानगी.

पुणेकर_सून
आणि आम्ही ऐंशी रुपये किलोने घेतो तेव्हा? तेव्हा शेतकऱ्याला कोणाची कीव येते?

निफाडचा_गडी
ताई, ऐंशीतले माझ्या हातात किती पडतात ते एकदा ट्रॅक्टरवर बसून बघा. पिझ्झ्याला भाव विचारता का?

पुणेकर_सून
पिझ्झा कुठून आला मध्येच? घर मी चालवते, तुम्ही नाही.

तिरकस_तात्या
भांडू नका, माझंच काम होतंय. ९८ ला महाग कांद्याने दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता घालवली, त्या धसक्याने २३ ला निर्यात रोखली, आणि लोकसभेच्या नाशिक-दिंडोरी दोन्ही जागा गेल्या. याला चाणक्य म्हणायचं?

घाटावरचा
सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्याने १५ पैकी १४ आमदार महायुतीचे दिले. कांदा विसरलात वाटतं, निफाडकर?

निफाडचा_गडी
विसरलो नाही. पण मंडळींच्या खात्यात लाडक्या बहिणीचे पंधराशे यायला लागले. घरात त्यावरून अजून वाद आहे, जास्त बोलत नाही.

घाटावरचा
बरं तात्या, मान्य, ते चुकतात. पण चुकल्यावर खिशात हात घालतात. आपले लोक न चुकता चुकतात आणि वर पत्रकार परिषद घेतात.

तिरकस_तात्या
खिसाही आपलाच हो!

निफाडचा_गडी
ते राहू द्या. लासलगावला आज काय निघाला?